अंगासरसा पोशाख आणि शिकलेली नजर

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत 'एरोबिक्स' हा शब्द आता शाळांच्या स्नेहसंमेलनांत, क्रीडाशिक्षकांच्या सुट्टीतल्या वर्गांत आणि स्पर्धांच्या पत्रकांत सहज भेटतो. त्याच्या मागोमाग एक प्रश्नही येतो. तो बहुतेक वेळा आई विचारते, कधी आजोबा विचारतात, तर कधी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना एखादे गुरुजी विचारतात. "खेळ चांगला आहे हो, पण कपडे एवढे घट्ट कशाला?" प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात दर वेळी आकस असतोच असे नाही. पुष्कळदा त्याला खरोखरच कारण हवे असते. त्याला मिळणारी उत्तरे मात्र दोनच. प्रशिक्षक म्हणतात, "नियमच आहे तसा." बाकीचे म्हणतात, "टीव्हीचं खूळ आहे." ही दोन्ही उत्तरे खरे तर उत्तरेच नाहीत. नियम काय करायचे ते सांगतो, का ते सांगत नाही. आणि एखाद्या गोष्टीला खूळ म्हटले की तिचा विचार करण्याची जबाबदारी संपते.

मी या प्रश्नाकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहते. कवितेचा घाट पाहताना आपण विचारतो, की ही ओळ इथेच का तुटली, हे यमक कामाचे आहे की नुसती सजावट आहे. पोशाखालाही हाच प्रश्न विचारता येतो. यातले काय कामासाठी आहे, काय परंपरेने आले, आणि काय पाहणाऱ्याच्या सोयीसाठी आहे? मी कोणत्याही विद्यापीठाची संशोधक नाही. स्पर्धांची नियमपुस्तके, व्यायामावरची जुनी मराठी पुस्तके आणि मैदानाच्या कडेला उभे राहून केलेले निरीक्षण एवढीच माझी साधने. प्रस्तुत लेखात 'एरोबिक्स' म्हणजे सकाळचा व्यायामवर्ग नव्हे, तर स्पर्धात्मक एरोबिक जिम्नॅस्टिक्स. आणि 'पोशाख' म्हणजे लिओटार्ड, टाइट्स आणि मान ते घोटा एकसंध असणारा युनिटार्ड.

पोशाखाची दोन घराणी

एरोबिक्सच्या मुळाशी गेले तर तिथे पोशाख सापडतच नाही. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली 'एरोबिक्स' हे पुस्तक लिहिले. हृदय आणि फुप्फुसे बळकट करणारे धावणे, पोहणे, सायकल चालवणे असे व्यायाम हा त्याचा विषय. कपड्यांवर त्या विचाराचे काहीच अवलंबून नव्हते. पुढच्याच वर्षी जॅकी सोरेन्सन यांनी त्या कल्पनेला नृत्याची जोड दिली, आणि नृत्याबरोबर नर्तकांचा सरावाचा पोशाखही आला. १९८२ मध्ये जेन फोंडा या अभिनेत्रीची व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली. ती घरोघर गेली आणि चकचकीत लिओटार्ड, टाइट्स, पायातले लोकरी मोजे यांची फॅशन झाली. आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने या प्रकाराला आपल्या छत्राखाली घेतले आणि १९९५ साली पॅरिसला त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. म्हणजे 'टीव्हीचं खूळ' म्हणणारे अगदीच चुकत नाहीत. या पोशाखाचे एक घराणे पडद्याचे आहे.

दुसरे घराणे त्याहून जुने आहे. ज्युल लिओतार हा फ्रान्समधला कसरतपटू. १८५९ साली पॅरिसच्या सर्कशीत त्याने एका झोक्यावरून दुसऱ्या झोक्यावर झेपावण्याचा खेळ केला. हवेत असताना अंगावरचे कापड अडकू नये आणि शरीराची रेषा प्रेक्षकाला नीट दिसावी, म्हणून तो अंगाला चिकटून बसणारा विणलेला पोशाख घाली. पुढे त्याच्या नावावरून त्या कपड्याला लिओटार्ड म्हणू लागले. आज ज्याला आपल्याकडे 'मुलींचा धाडसी कपडा' म्हणतात तो मुळात एका पुरुषाने स्वतःच्या जिवाच्या सोयीसाठी वापरलेला कपडा होता. तेव्हा या पोशाखात पहिल्यापासून गरज आणि प्रदर्शन ही दोन्ही रक्ते आहेत. एकाच्या नावाखाली दुसरे लपवले, की चर्चा फसते.

पंच काय पाहतात

आता गरजेची बाजू नीट तपासू. स्पर्धेतली रचना साधारण दीड मिनिटाची असते. संगीताच्या ठेक्यावर चाल, जॉग, स्किप, गुडघा उचलणे, किक, जंपिंग जॅक आणि लंज या सात मूलभूत पावलांची गुंफण करायची असते. तिच्यात अवघड घटक बसवायचे असतात. जोर, हातांवर तोललेले शरीर, पाय फाकवून घेतलेल्या उड्या, एका पायावरचे तोल आणि वळणे. काही उड्या तर अशा, की हवेतून थेट जोरांच्या स्थितीत हातांवर उतरायचे. एक पंचमंडळ कलात्मकता पाहते, दुसरे सफाई आणि तिसरे काठिण्य. सफाईचे गुण दशांशांनी कापले जातात. गुडघा किंचित वाकला, कंबर खचली, पाऊल ताणलेले नव्हते, की कापले.

हा खेळ ढगळ सलवार-कुर्त्यात करून पाहावा, म्हणजे अडचण आपोआप कळते. गुडघा वाकला की नाही ते कापडाखाली दिसत नाही. जोर काढताना पोट खाली लोंबते आहे की पाठ सरळ आहे, ते कुर्त्याच्या घोळात हरवते. यात एका मुलीची चूक लपते, हे खरे. पण दुसऱ्या मुलीची मेहनतही लपते, याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. जिने वर्षभर गुडघा सरळ ठेवायला शिकून घेतले, तिचा सरळ गुडघा पंचांना दिसलाच नाही, तर तिच्या मेहनतीचे मोल होणार कसे? गुणांच्या खेळात दिसणे हाच पुरावा असतो.

दुसरे कारण सुरक्षिततेचे. हातांवर उलटे झाले की सैल सदरा तोंडावर येतो. पाय वेगाने फिरवताना पायघोळ कापडात अंगठा अडकतो. उडीतून हातांवर उतरताना खांदे कुठे आहेत, मनगटावर किती भार येतो आहे, हे प्रशिक्षकाला दिसले तरच तो वेळीच थांबवू शकतो. मी आठवीत असताना सलवार घालून खोखो खेळले आहे. खांबाकडे झेप घेताना आपलीच सलवार आपल्या पायाखाली येणे म्हणजे काय, हे माझ्या पिढीच्या खेळाडू बायकांना सांगायला नको. तेव्हा आम्ही तो खेळाचाच भाग समजत होतो.

तिसरे कारण कापडाचे. सुती कापड घाम पिते, जड होते आणि ताणले की सैल पडते. १९५८ साली ड्यू पाँ कंपनीतले रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स नावाचा धागा तयार केला. 'लायक्रा' हे त्याचेच बाजारातले नाव. हा धागा मूळ लांबीच्या कित्येक पट ताणला जातो आणि सोडला की पूर्ववत होतो. त्यामुळे अंगाबरोबर हलणारा आणि हालचाल न अडवणारा पोशाख शक्य झाला. घट्ट कपड्याने स्नायूंना बळ मिळते, असेही विक्रेते सांगतात. या दाव्याबाबत अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून माझा युक्तिवाद मी त्यावर उभा करत नाही. त्याची गरजही नाही.

साहित्याच्या वाचकांना हे वेगळ्या भाषेतही सांगता येईल. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना लयीची तीन तत्त्वे मांडली. संवाद, विरोध आणि समतोल. एरोबिक्सची रचना या तिन्हींवर चालते. उजव्या हाताला डाव्या पायाचा विरोध, पाच जणींच्या गटात एकीच्या रेषेचा दुसरीच्या रेषेशी संवाद, आणि शेवटी तळहातांवर पेललेल्या देहाचा समतोल. इथे शब्दांच्या जागी अवयव आहेत. अवयवाची रेषा पुसली तर लयीचा एक घटकच नाहीसा होतो. अंगासरसा पोशाख त्या रेषेवर काहीही अधिक चढवत नाही, ही त्याची जमेची बाजू.

लंगोट आणि मल्लखांब

हे सगळे परके आहे का? शिरूर-दौंडच्या माणसाने तरी तसे म्हणू नये. घोडनदीच्या आणि भीमेच्या काठच्या गावांत जत्रेचा आखाडा अजून भरतो. हलगी वाजते आणि गावची सगळी पुरुषमंडळी आणि बरीच पोरे लंगोटावरच्या पैलवानांची अंगे दोन-दोन तास निरखत बसतात. मांडी कशी भरली आहे, पाठ कशी आहे, खांदा किती रुंद झाला आहे, याची उघड चर्चा होते. ती कुणाला अश्लील वाटत नाही. लंगोट आवळून बांधतात, कारण नाजूक भागाला संरक्षण हवे आणि प्रतिस्पर्ध्याच्या हाती सैल कापड लागता कामा नये. म्हणजे घट्टपणाची कारणे इथेही कामाचीच. आपण त्यापुढे जाऊन लंगोटाला नीतीचाही अर्थ दिला. 'लंगोटाचा पक्का' म्हणजे संयमी माणूस. सर्वांत कमी कापडाच्या पोशाखाला मराठीने संयमाचे प्रतीक केले.

गोळेश्वरचे खाशाबा जाधव लाल मातीत घडले आणि १९५२ साली हेलसिंकीला गादीवर कांस्यपदक घेऊन आले. गादीवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीचा पोशाख म्हणजे अंगाला चिकटणारा एकसंध सिंगलेट. तो आपण सहज स्वीकारला. २००४ पासून ऑलिंपिकमध्ये महिलांची कुस्ती आली, २०१६ साली साक्षी मलिकने पदक मिळवले आणि २०२३ मध्ये सांगलीत महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा होऊन प्रतीक्षा बागडी विजेती ठरली. सिंगलेटमधली मुलगी आज गावच्या फ्लेक्सवर अभिमानाने झळकते. तिच्या पोशाखावर चर्चा झाली नाही असे नाही, पण पदकाने ती मागे सारली.

मल्लखांबाचे उदाहरण याहून बोलके आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवे रूप दिले, अशी परंपरा सांगते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू १९३६ साली बर्लिनला आपले देशी व्यायाम दाखवून आला. द. चिं. करंदीकर-मुजुमदारांचा दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश बडोद्याहून निघाला, तोही याच काळात. २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा झाली. या खेळात खांबाला एरंडेल लावतात आणि पकड घेतात ती कातडीने. काख, मांडी, गुडघ्यामागची लवण, दोरीवर असेल तर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट. इथे मांडीवर कापड आले तर खेळाडू घसरेल. म्हणून मुले उघड्या अंगाने खेळतात आणि मुली मांड्या मोकळ्या राहतील असा अंगासरसा पोशाख घालतात.

आता एरोबिक्सशी तुलना करा. तिथे धरायला काही साधनच नाही, त्यामुळे पाय टाइट्सने झाकले तरी खेळाचे काही बिघडत नाही. मल्लखांबात उघडी कातडी हे हत्यार, तर एरोबिक्समध्ये झाकलेली पण स्पष्ट रेषा हे हत्यार. कामाच्या दृष्टीने ही दोन एकमेकांविरुद्ध टोके आहेत. पाहणारा मात्र दोन्हींना एकच शब्द वापरतो, 'तोकडे कपडे'. त्या एका शब्दाखाली खेळाचे सारे शास्त्र बुजून जाते. म्हणून माझा पहिला निष्कर्ष असा, की पोशाखाचे कारण खेळागणिक वेगळे शोधावे लागते. सरसकट समर्थन आणि सरसकट विरोध, दोन्ही आळशीपणाचे आहेत.

कारण जिथे अपुरे पडते

कामाचे कारण घट्टपणाला पुरते. सगळ्याच गोष्टींना ते पुरत नाही. एखाद्या नियमात काम किती आणि नजर किती हे ओळखायला मी एक सोपी कसोटी वापरते. तोच खेळ खेळणाऱ्या पुरुषांना तोच नियम आहे का?

एरोबिक्समध्ये पुरुषही अंगासरसाच पोशाख घालतात. म्हणजे घट्टपणा या कसोटीवर उतरतो. नियमपुस्तक वाचले तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्यातला पोशाखाचा बराचसा भाग मर्यादा घालणारा आहे. गळा किती खोल असावा, कमरेजवळचा काप किती वर जावा, अंतर्वस्त्र दिसू नये, सैल पट्टे-झालरी नकोत, युद्ध, हिंसा किंवा धर्म सूचित करणारी चित्रे नकोत. 'अंग दाखवायला लावतात' असे म्हणणाऱ्यांनी हे नियम एकदा वाचावेत.

पण इतर खेळांकडे पाहिले की कसोटीवर न उतरणारी उदाहरणे भराभर सापडतात. जुलै २०२१ मध्ये बल्गेरियात बीच हँडबॉलच्या स्पर्धेत नॉर्वेच्या मुली बिकिनीऐवजी आखूड चड्डी घालून उतरल्या म्हणून त्यांच्या संघाला १५०० युरो दंड झाला. त्याच वाळूवर, त्याच चेंडूने खेळणारे पुरुष मात्र साधी चड्डी घालत होते. वाळूचे आणि बिकिनीचे काही तांत्रिक नाते असते, तर ते पुरुषांनाही लागू झाले असते. टीका झाल्यावर त्याच वर्षी नियम बदलला, पण मुलींसाठी 'घट्ट' आणि मुलांसाठी 'फार ढगळ नको' हा फरक शब्दांत उरलाच. त्याआधी २०११ मध्ये जागतिक बॅडमिंटन महासंघाने महिलांना स्कर्ट सक्तीचा करण्याचा घाट घातला होता. कारण सांगितले गेले ते खेळाच्या आकर्षकतेचे. विरोध झाला आणि २०१२ मध्ये तो नियम मागे घ्यावा लागला. स्कर्टने शटल वेगाने जात नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

जिम्नॅस्टिक्समधले उदाहरण आपल्याला जवळचे आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, जर्मनीच्या मुली घोट्यापर्यंतच्या युनिटार्डमध्ये उतरल्या. जगभर ती बातमी झाली. पण त्यांनी नियम मोडला नव्हता. नियमात ही मुभा आधीपासून होती, वापरायची मात्र कुणी फारशी हिंमत करत नव्हते. लिखित नियमापेक्षा अलिखित प्रथा किती बळकट असते, याचा हा नमुना. आणि हेही लक्षात घ्यावे, की युनिटार्डसुद्धा घट्टच होता. जर्मन मुलींनी घट्टपणाला नकार दिला नाही. पाय उघडे ठेवायचे की नाहीत हे आम्ही ठरवू, एवढेच त्यांनी म्हटले. कामाचे ते ठेवले आणि बिनकामाचे ते सोडले. एखाद्या समीक्षकाने करावी तशीच ही निवड आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. टाइट्स 'स्किन कलर'च्या असाव्यात, असे सांगितले जाते. कुणाच्या स्किनचा कलर? दुकानात स्किन कलर म्हणून जे मिळते ते बहुधा फिकट गुलाबीसर असते. ऊन खाऊन वाढलेल्या आपल्या मुलीच्या पायावर ते वेगळ्याच माणसाचे पाय चिकटवल्यासारखे दिसते. जी गोष्ट दिसू नये म्हणून घालायची, तीच सगळ्यांत आधी नजरेत भरते. बॅलेच्या जगात लंडनच्या फ्रीड कंपनीने सावळ्या-काळ्या नर्तिकांसाठी तपकिरी छटांचे बूट काढले ते २०१८ मध्ये. तोवर त्या नर्तिका आपले बूट रंगवून घेत. 'त्वचेचा रंग' असे एकवचनात लिहिणाऱ्या नियमाने कुणाची त्वचा गृहीत धरली आहे, हा प्रश्न शिरूरच्या मुलीनेही विचारायला हरकत नाही.

वारांनी मोजता न येणारी नजर

इथवर पोशाखाचे झाले. आता पाहणाऱ्याकडे वळू. दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर चौफुला आहे. तिथली कला केंद्रे सर्वांना ठाऊक आहेत. लावणी करणारी कलावंतीण नऊवारी नेसते. गळ्यापासून घोट्यापर्यंत ती झाकलेली असते आणि पदर कमरेला खोचलेला असतो. कापडाचा विचार केला तर एरोबिक्सच्या मुलीपेक्षा तिच्या अंगावर कितीतरी अधिक कापड असते. म्हणून तिच्याकडे पाहणारी नजर अधिक स्वच्छ असते का? याचे उत्तर त्या कलावंतिणीच सर्वांत चांगले देऊ शकतील. दोष त्यांच्या कलेचा नाही. नजर प्रेक्षक घरूनच घेऊन येतो. नऊ वार कापडाने जी नजर झाकली जात नाही ती टाइट्समुळे निर्माण होते, असे म्हणणे तर्काला धरून नाही.

उलट, नजर बदलते ती काम ओळखल्यामुळे, याचे पुरावे याच दोन तालुक्यांत आहेत. नऊवारीचा काष्टा घ्या. दोन पाय वेगळे करून कापड अंगासरसे आवळणारी ही रीत मुळात कष्टाची आणि चालीची सोय आहे. उसाच्या फडात तोडणीला आलेल्या बाया साडीवर नवऱ्याचा शर्ट चढवतात, कारण उसाची पाने अंग कापतात. बाईने पुरुषाचा शर्ट घातला म्हणून आजवर कुणी नाक मुरडलेले मी ऐकले नाही. पहाटे दौंडच्या किंवा शिरूरच्या रस्त्याला जा. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली ट्रॅक पँट आणि टी-शर्टवर धावताना दिसतील. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, वर्दीचा मान लोकांनी जवळून पाहिलेला आहे. आठशे मीटर वेळेत पूर्ण केले की नोकरीच्या दिशेने एक पाऊल पडते, हे ज्या दिवशी घरच्यांना समजले त्या दिवसापासून ट्रॅक पँटबद्दलची कुजबुज कमी झाली. हा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. कामाला मान मिळाला की कामाचा पोशाख वेगळा दिसेनासा होतो. पैलवानाचा लंगोट आपल्याला म्हणूनच दिसत नाही, आपल्याला कुस्ती दिसते.

आठवी-नववीची पायरी

हा सगळा खटाटोप कशासाठी? मी पाहिलेल्या वर्गांत पाचवी-सहावीपर्यंत मुलींची रांग मुलांपेक्षा लांब असते. आठवी-नववीला ती तुटते. घरातून सांगितली जाणारी कारणे अभ्यासाची असतात, पण जरा बसून बोलले की पोशाखाची गोष्ट निघतेच. कधी काका काही बोललेले असतात, कधी कुणीतरी स्पर्धेत मोबाईलवर काढलेली चित्रफीत गावच्या ग्रुपवर फिरलेली असते. खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. त्या वाटेच्या तोंडाशीच मुलगी परत फिरते. आणि परत फिरताना तिच्या मनात एवढेच राहते, की आपल्या शरीराचे काहीतरी चुकले. ज्या वयात शरीराशी मैत्री व्हायची त्याच वयात ते लपवायचे ओझे होऊन बसते. याची भरपाई कोणत्याही पदकाने होत नाही.

म्हणून प्रशिक्षकांनी 'नियम आहे' एवढ्यावर थांबू नये. पालकसभेत तोच एक घटक आधी ढगळ कपड्यांत आणि मग अंगासरशा पोशाखात करून दाखवावा, गुडघा कुठे दिसतो आणि कुठे दिसत नाही ते दाखवावे. पाच मिनिटांचे काम आहे, आणि हे पाहिलेल्या आईला पुढे व्याख्यान द्यावे लागत नाही. नियमात पायघोळ पर्यायाला जिथे मुभा आहे तिथे ती आधी मुलींना सांगावी, त्यांनी मागण्याची वाट पाहू नये. नाव पुकारेपर्यंत ट्रॅकसूट अंगावर राहू द्यावा. कपडे बदलायला कडी लागणारी खोली असावी, कारण मंडपामागे चादर धरून कपडे बदलायला लावणाऱ्या आयोजकाला शालीनतेवर बोलण्याचा अधिकार नाही. चित्रण कोण करणार, ते कुणाला पाठवले जाणार, हे स्पर्धेआधी ठरावे. टाइट्स मुलीच्या रंगाला जुळणाऱ्या घ्याव्यात, न मिळाल्या तर घरी रंगवाव्यात. यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही.

पालकांकडेही एक मागणे आहे. 'एवढे घट्ट कशाला' हा प्रश्न सोडू नका, तो पूर्ण विचारा. घट्ट कशाला, याचे उत्तर खेळात आहे आणि ते पटण्याजोगे आहे. पाय उघडे असलेच पाहिजेत का, मुलांना वेगळा नियम का, रंग हाच का, चित्रीकरण कशासाठी, हे प्रश्न त्याच दमात पुढे यायला हवेत. त्यांची उत्तरे मिळाली नाहीत तर नियम बदलायला लावावा. बॅडमिंटनचा स्कर्ट आणि वाळूवरची बिकिनी असे प्रश्न विचारल्यामुळेच गेली. प्रश्न अर्धा सोडला तर त्याचे ओझे तेरा वर्षांच्या मुलीवर पडते, कारण सगळ्यांत सोपा उपाय तिला घरी बसवणे हाच असतो.

आणि हे प्रश्न विचारताना मुलीला शेजारी बसवावे. पोशाख तिने घालायचा आहे, उडी तिने मारायची आहे, मनगटावर भार तिच्या पडणार आहे. मी ज्या मुलींशी बोलले त्यांपैकी बहुतेकींना टाइट्सची अडचण नव्हती. त्यांना हवे होते ते एवढेच, की रचना संपल्यावर कुणीतरी त्यांना आपल्या उडीबद्दल काही विचारावे.